देह आणि ध्येय : बाबासाहेबांच्या जीवनाची एक बाजू

फर्दापूरहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट आपल्या शाळेच्या प्रत्येक पिढीच्या पायाखालची आहे. वाघोरा नदीच्या नालाकृती दरीत शिरून एकेक लेणे पाहत पुढे गेले, की २६ क्रमांकाच्या चैत्यगृहात डाव्या हाताच्या भिंतीवर भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाणशिल्प समोर येते. सुमारे सात मीटर लांबीचा तो शांत देह उजव्या कुशीवर पहुडलेला आहे. मस्तक हातावर विसावले आहे. खाली शोकाकुल शिष्यगण बसलेले आहेत. लहानपणी सहलीत पाहिलेले ते शिल्प मोठेपणी पुन्हा पाहिले, की एक वेगळाच विचार मनात येतो. ज्यांनी जगाला दुःखमुक्तीचा मार्ग दाखविला, त्यांचा देहदेखील आजारी पडला होता, थकला होता.

पाली ग्रंथांनुसार भगवंतांचे ते अखेरचे आजारपण पोटाचे होते. पावा येथे चुंद नावाच्या कम्मारपुत्राने श्रद्धेने दिलेले भोजन घेतल्यानंतर त्यांना रक्तातिसार झाला. तीव्र वेदना होत असतानाही ते स्मृती न ढळू देता कुसिनारेकडे चालत राहिले. त्या अवस्थेतही त्यांना एका गोष्टीची चिंता होती. आपल्या मृत्यूचा दोष लोक चुंदाच्या माथी मारतील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी आनंदाला आवर्जून सांगून ठेवले की, चुंदाच्या मनात अपराधाची भावना राहू देऊ नये, कारण संबोधीपूर्वीचे आणि परिनिर्वाणापूर्वीचे अन्नदान ही दोन्ही दाने सारख्याच पुण्याची आहेत. आजाराचे कारण आजारात असते, सेवा करणाऱ्याच्या हातात नसते, हा त्या उपदेशाचा भावार्थ. तो वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण या लेखाच्या शेवटी आपल्याला त्याकडेच परतायचे आहे.

या स्मरणिकेत परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनाविषयी लिहिताना त्यांच्या विद्वत्तेची, सत्याग्रहांची वा ग्रंथांची नामावली पुन्हा देण्याचा मानस नाही. ती आपल्या घराघरांत पाठ आहे. ज्या देहाने ते सारे कार्य वाहून नेले, त्या देहाकडे मात्र आपण क्वचितच पाहतो. अन्न, पाणी आणि त्यांचे पचन या देहाच्या अगदी साध्या व्यवहारांतून त्यांचे जीवन पाहिले, तर ते महामानव आपल्याला अधिक जवळचे वाटू लागतात.

भिक्खुसंघात देहाच्या बत्तीस भागांचे चिंतन करण्याची परंपरा आहे. त्या यादीत यकृत आहे, आतडी आहेत, पित्त आहे आणि लाळही आहे. आधुनिक शरीरशास्त्र हेच भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि त्यांची कामे सांगते. आपण खाल्लेला घास रक्तात मिसळण्याजोगा होण्यासाठी शरीरातील अनेक ग्रंथी आपापला रस त्यावर सोडतात. तोंडात लाळग्रंथी, जठराच्या भिंतीत जठरग्रंथी, उजव्या बरगड्यांखाली यकृत, जठराच्या मागे आडवे पडलेले स्वादुपिंड आणि लहान आतड्याच्या अस्तरातील आंत्रग्रंथी असा हा क्रम आहे. यांपैकी एकीचे काम बिघडले तरी सारा देह त्याची झळ सोसतो.

लाळेपासून आरंभ करू. कानांपुढे, खालच्या जबड्याखाली आणि जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. त्या दिवसाकाठी साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार करतात. लाळेतील टायलिन हे विकर भाकरीतील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागते. लाळेतील बुळबुळीत द्रव्यामुळे कोरडा घास ओला होऊन गिळता येतो. ही लाळ मुख्यतः पाण्याचीच बनलेली असते. शरीरातील पाणी कमी झाले, की लाळ आटते, जीभ टाळ्याला चिकटते आणि समोर अन्न असूनही घास घशाखाली उतरत नाही.

हे शास्त्र बाबासाहेबांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी स्वतःच्या देहावर अनुभवले होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमाचे बालपण साताऱ्यात गेले. आई भीमाबाई लवकरच निवर्तल्या होत्या. वडील सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे नोकरीला होते. १९०१ च्या सुमारास भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले असे सारे वडिलांकडे जाण्यास निघाले. आगगाडीने ते मसूर स्टेशनावर उतरले. ते येत असल्याचा निरोप वडिलांपर्यंत पोहोचलाच नव्हता, त्यामुळे त्यांना घेण्यास कोणी आले नव्हते. मुले महार असल्याचे कळताच स्टेशनमास्तरांची चर्या पालटली. बैलगाडीवाल्यानेही दुप्पट भाडे घेतले, मुलांनाच गाडी हाकायला लावली आणि स्वतः विटाळ टाळीत गाडीसोबत पायी चालला. मुलांजवळ शिदोरी भरपूर होती. पाणी मात्र कोणी देईना. वाटेत दिसलेले पाणी शेणामुताने घाण झालेले होते. रात्री जकात नाक्यावर पोहोचूनही पाणी मिळाले नाही. अन्नाचा डबा जवळ असूनही ती लेकरे पाण्यावाचून उपाशीच झोपली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला. अस्पृश्यता म्हणजे केवळ मानापमानाचा प्रश्न आहे असे समजणाऱ्यांनी त्यातील देहाची बाजू पाहावी. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडून दिल्याशिवाय पाणी मिळत नसे. शिपाई नसला, की तहानही घरी परत न्यावी लागे. निसर्गाने सर्व माणसांना लाळग्रंथींच्या सारख्याच तीन जोड्या दिल्या आहेत. त्या ओल्या कोणाच्या राहाव्यात आणि कोरड्या कोणाच्या पडाव्यात, हे मात्र समाजाने ठरविले होते.

म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले, तेव्हा त्या कृतीत २५ वर्षांपूर्वीच्या मसूरच्या वाटेवरील तहानही होती असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्याच परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस खाण्याचे सोडून देण्याचा आग्रह धरला. पाणी कोणते प्यावे आणि अन्न कोणते खावे, या दोन्ही प्रश्नांना त्यांनी स्वाभिमानाशी जोडले. आपल्या जिल्ह्यालाही या इतिहासाचा एक कटू प्रसंग ठाऊक आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला जाण्याच्या बेताने आले असता दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. दिवस रमजानचे होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी किल्ल्याच्या दरवाजालगतच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटल्याचा गलका झाला आणि मोठा जमाव त्यांच्यावर धावून आला. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले आणि सोबत पहारेकरी देण्यात आला. त्या वेळी बाबासाहेब परदेशांतील विद्यापीठांच्या थोर पदव्या मिळविलेले बॅरिस्टर होते. गोलमेज परिषदा गाजवून ते परतले होते. तरीही हौदाच्या पाण्यापाशी ती सारी विद्वत्ता कुचकामी ठरली.

लाळेनंतर घास जठरात उतरतो. जठराच्या अस्तरातील असंख्य ग्रंथी हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रथिनांचे विघटन करणारे पेप्सिन आणि जठराच्या भिंतीचे त्याच आम्लापासून रक्षण करणारा श्लेष्मा असे तीन प्रकारचे स्राव सोडतात. हे स्राव अन्न पोटात पडल्यावरच सुरू होतात असे नाही. अन्नाच्या वासाने, दर्शनाने वा नुसत्या आठवणीनेही ते पाझरू लागतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनीच हे प्रयोगांनी सिद्ध केले होते.

बाबासाहेबांच्या लंडनमधील विद्यार्थिदशेत या जठराची सत्त्वपरीक्षा झाली. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले आणि नंतर ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. प्राध्यापकी करून साठविलेल्या आणि कर्जाऊ घेतलेल्या पैशांवर १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. पैसा मोजका होता आणि पुस्तकांची भूक अमर्याद. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच ते आत शिरत आणि बंद होईपर्यंत वाचत बसत. सकाळी पावाचा तुकडा आणि एखादे पेय, दुपारी बहुधा काहीच नाही, रात्री उशिरा पोट कळवळू लागले की भाजलेले पापड, असा तो आहार होता.

अशा उपासमारीत माणसाचा मेंदू काम कसा करू शकतो, याचे उत्तर यकृतात आहे. सुमारे दीड किलो वजनाची ही ग्रंथी पित्तरस तयार करते आणि पित्तरस स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करून त्यांचे पचन सुलभ करतो. याखेरीज जेवणानंतर रक्तात आलेली जादा शर्करा यकृत साठवून ठेवते आणि पोट रिकामे असताना ती थोडी थोडी रक्तात सोडते. दिवसभर वाचणाऱ्या त्या तरुणाच्या मेंदूला यकृताच्या या कोठारातून इंधन पुरत होते. मात्र काटकसरीने वापरलेले कोठारही कधीतरी भरावे लागते. अनियमित जेवण, अपुरी झोप आणि अखंड श्रम यांची सवय देहाला लागली. ती पुढे आयुष्यभर सुटली नाही.

त्याच दिवसांत अटलांटिक महासागरापलीकडे एक शोध लागत होता. पुढे बाबासाहेबांच्या देहाशी त्याचा जवळचा संबंध येणार होता. त्यासाठी स्वादुपिंडाची ओळख करून घेतली पाहिजे. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी दोन कामे करते. तिचा बहुतेक भाग स्वादुरस तयार करून लहान आतड्यात सोडतो. पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींचे पचन करणारी विकरे त्यात असतात. प्रथिनांवर काम करणारे ट्रिप्सिन तर ग्रंथीत असताना निद्रिस्त रूपात असते आणि आतड्यात आल्यावरच जागे होते, एरवी त्याने स्वतःच्या ग्रंथीलाच पचविले असते. या मोठ्या भागात समुद्रातील बेटांप्रमाणे पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहान्स यांनी ते १८६९ साली प्रथम पाहिले. या पुंजक्यांचा स्राव नळीवाटे आतड्यात जात नाही, तो थेट रक्तात मिसळतो. तोच इन्शुलिन. रक्तातील शर्करा पेशींच्या आत जाण्यासाठी त्याची किल्ली लागते. इन्शुलिन पुरेसे तयार झाले नाही, किंवा शरीराने त्याला नीट प्रतिसाद दिला नाही, की शर्करा रक्तातच साचते आणि पेशी उपाशी राहतात. हाच मधुमेह.

१९२१ च्या मे महिन्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्कावर प्रयोग सुरू केले. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये बाबासाहेबांना एम.एस्सी. पदवी मिळाली. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्सन या मरणासन्न मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. अर्क अधिक शुद्ध केल्यावर त्याच्या रक्तातील शर्करा उतरली आणि तो वाचला. त्या वेळी बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात गढलेले होते. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी बाबासाहेबांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. इन्शुलिनच्या शोधकर्त्यांनी त्याचे स्वामित्व एकेका डॉलरच्या मोबदल्यात विद्यापीठाच्या स्वाधीन केले. ज्ञान काही मोजक्यांनी कुलूपबंद करून ठेवू नये, यासाठीच बाबासाहेबांचाही लढा होता.

पुढची २५ वर्षे देहाला विसावा असा मिळालाच नाही. वृत्तपत्रे, सत्याग्रह, कायदेमंडळ, गोलमेज परिषदा, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते, महाविद्यालयांची उभारणी, आणि या साऱ्यांतून चोरलेल्या वेळात ग्रंथलेखन. १९३५ साली रमाई निवर्तल्या. दारिद्र्यात पतीचा संसार राखणाऱ्या त्या माउलीच्या पोटची चार अपत्ये तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. घरात आता जेवायला उठा असे अधिकाराने म्हणणारे कोणी उरले नाही. रात्र रात्र जागून काम करण्याला कोणाची आडकाठी राहिली नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदामंत्री झाले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना होऊन तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. याच काळात मधुमेहाने त्यांना ग्रासले. पायांत असह्य वेदना होत, झोप लागत नसे. रक्तात वर्षानुवर्षे साचलेली शर्करा हळूहळू मज्जातंतू, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि हृदय यांना इजा करते. पायांच्या लांब मज्जातंतूंना तिची झळ आधी लागते. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. सभागृहात तो तासन् तास बोलतो आणि घरी आल्यावर त्याला जमिनीवर पाऊल टेकवत नाही.

उपचारांसाठी मुंबईला येणे होत असताना डॉ. माधवराव मालवणकर यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतलेल्या शारदाबाई जन्माने सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्या सविता आंबेडकर झाल्या आणि समाज त्यांना माईसाहेब म्हणू लागला. इन्शुलिन, पथ्य आणि औषधे यांची सारी जबाबदारी त्यांनी उचलली. इन्शुलिन तोंडाने घेता येत नाही, कारण ते स्वतःच एक प्रथिन आहे. गिळले तर जठररस आणि स्वादुरस त्याचेही तुकडे करतात. म्हणून ते टोचूनच द्यावे लागते. मात्रा आणि जेवण यांचा मेळ चुकला तर शर्करा एकदम उतरून रुग्ण बेशुद्धही पडू शकतो. रक्तातील शर्करा घरच्या घरी क्षणात मोजण्याची सोय त्या काळी नव्हती. कामाच्या तंद्रीत जेवणाची वेळ विसरणाऱ्या माणसाचा मधुमेह सांभाळणे किती जिकिरीचे असेल, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनाच उमगेल.

अशा प्रकृतीत संविधानाचे काम चालले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा संविधान सभेपुढे आला. त्या वेळी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहातच स्पष्ट केले की, समितीतील कोणी राजीनामा दिलेला, कोणी दिवंगत, कोणी परदेशी, कोणी अन्य कामात गुंतलेला, कोणी प्रकृतीमुळे गैरहजर, आणि म्हणून मसुद्याचा भार अखेर बाबासाहेबांवरच पडला. प्रकृतीचे कारण पुढे करण्याचा अधिकार खरे तर सर्वाधिक त्यांचाच होता. मसुद्यावर सभेत ११४ दिवस विचार झाला. ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांनी त्यांना कलमागून कलम उत्तरे दिली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांचे संविधान स्वीकृत झाले.

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून आपल्या प्रकृतीबद्दल डॉक्टरांना काळजी वाटत असल्याचे आणि दीर्घ उपचार टाळता येणार नसल्याचे कळविले. त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे ही त्यांची कळकळ होती. बिल रखडले आणि सप्टेंबरअखेर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मराठवाड्याच्या भूमीत एक वेगळी पायाभरणी झाली होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. हेच आपले मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतून अनवाणी आलेल्या मुलांनी कलेबरोबर विज्ञानही शिकावे, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. आज आपल्या समाजात जे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते दिसतात, त्यांच्यातील अनेकांच्या वाटेचा आरंभ नागसेनवनातून झाला आहे.

१९५४ साली बाबासाहेब कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. दृष्टी मंदावली होती. चालताना काठीचा वा कोणाच्या तरी खांद्याचा आधार लागे. लेखनिक नानकचंद रत्तू रात्री उशिरापर्यंत हस्तलिखिते टंकित करीत. याच वर्षांत बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ आकार घेत होता. मधल्या काळात प्रकृती इतकी खालावली होती की डॉक्टरांनाही आशा उरली नव्हती. विझू पाहणारी ती ज्योत पुन्हा तेवती ठेवण्याचे श्रेय बाबासाहेबांनी त्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांना कृतज्ञतेने दिले होते. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. अनेक वर्षे समाजाला तिचा पत्ताच नव्हता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात शुभ्र वस्त्रे परिधान करून बाबासाहेबांनी माईसाहेबांसह भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. दोन दिवसांनी चंद्रपूर, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, परतीच्या वाटेवर सारनाथ आणि कुशीनगर. ज्या कुसिनारेला भगवंतांनी आजारी देह टेकला, तेथे त्यांचा हा थकलेला अनुयायी वंदनेसाठी गेला. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या अलिपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या निवासस्थानी त्यांनी ग्रंथाचे कागद चाळले. ६ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी कधीतरी, झोपेतच, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय ६५ वर्षांचे होते.

आता आरंभी सांगितलेल्या चुंदाकडे परतू. बाबासाहेब गेले आणि पोरक्या झालेल्या समाजाला तो आघात सोसवेना. दुःखाला कारण हवे होते, कारणाला चेहरा हवा होता. तो चेहरा माईसाहेबांचा ठरविला गेला. त्यांच्यावर नको ते संशय घेण्यात आले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचाच निष्कर्ष निघाला, तरी कुजबुज थांबली नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजीआजोबांच्या ओसरीवर ती चालत असे, हे मान्य करण्यास संकोच वाटू नये. माईसाहेब कित्येक वर्षे दिल्लीजवळ एकाकी जीवन जगल्या. पुढे त्या पुन्हा समाजात वावरू लागल्या. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा तो सन्मान त्यांनीच स्वीकारला आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. २००३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

दीर्घकाळचा मधुमेह, त्याच्या जोडीला रक्तदाब, शिणलेले हृदय, निद्रानाश आणि अखंड श्रम यांनी ग्रासलेला देह झोपेत शांत होणे ही वैद्यकशास्त्राला अपरिचित गोष्ट नाही. स्वादुपिंडाचे काम ज्याला समजले, त्याला विषाच्या कथेची गरज भासत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञान शिकण्यास सांगितले ते नोकरीपुरते नव्हते. अज्ञानातून माणसावर अन्याय होतो, आणि तो आपल्या हातूनही होऊ शकतो, हे या प्रकरणातून आपण शिकले पाहिजे. भगवंतांनी चुंदाला दोषमुक्त केले होते. माईसाहेबांना ते भाग्य हयातीत पुरते लाभले नाही.

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांत मधुमेह पाहुणा म्हणून येतो आणि बिऱ्हाड थाटतो. वारंवार तहान, वारंवार लघवी, अकारण घटणारे वजन, तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा, लवकर न भरणारी जखम यांपैकी काही जाणवल्यास शासकीय आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी. इन्शुलिन सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला, ही समजूत खोटी आहे. इन्शुलिनमुळेच माणसे दीर्घकाळ जगतात. मनाने औषध बंद करणे, एखाद्याच्या सांगण्यावरून कडू काढ्यावर विसंबणे आणि जेवणाच्या वेळा चुकविणे हे मात्र जीवावर बेतू शकते. रोज पायांची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी हा नियम घरात पाळावा. आणि जो घरात रात्रंदिवस रुग्णाची सेवा करतो, त्याच्या श्रमांची जाणीव ठेवावी.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने व्याकूळ झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ते त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. आजारी माणसाची सेवा हीच आपली सेवा, असे त्यांनी संघाला समजावले. अजिंठ्याच्या त्या चैत्यगृहातील शिल्पापुढे पुन्हा उभे राहाल, तेव्हा त्या भिक्खूला, त्या चुंदाला आणि अलिपूर रोडवरील त्या घरात रोज इन्शुलिनची सुई हाती घेणाऱ्या माईसाहेबांनाही मनोमन वंदन करावे.